गाडेकर मॅडमचं दोन्हीकडचं लिहिणं

शोकसभेत तिसऱ्या वक्त्यानं गाडेकर मॅडमना 'मृदुभाषी' म्हटलं आणि मी उठून सरळ बाहेर आलो. आत बसवेना. पहिला म्हणाला होता 'शांत स्वभावाच्या', दुसरा म्हणाला 'सगळ्यांना सांभाळून घेणाऱ्या', तेवढं गिळलं मी. पण मृदुभाषी? अहो, माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण ह्याच बाईंनी विभागाच्या खिडकीतून खाली फेकलं होतं. खाली शिपाई त्याची स्कूटर पुसत होता. पानं त्याच्या अंगावर पडली, तो बिचारा गोळा करायला लागला, तर वरून त्यालाच ओरडल्या की राहू दे, कचरा आहे तो.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं, मान्य. पण चांगलं म्हणजे खोटं का? मॅडम त्या सभेत असत्या तर पहिल्याच वाक्याला त्यांची लाकडी फूटपट्टी टेबलावर आपटून म्हणाल्या असत्या, "पुरावा?" सगळ्या वक्त्यांची दातखीळ बसली असती. तर मी त्यांचा विद्यार्थी, आता वैजापूरच्या कॉलेजात शिकवतो, आणि मला त्या जशा आठवतात तशा लिहितोय. ज्यांना मृदुभाषी बाई हव्यात त्यांनी सभेचा वृत्तांत वाचावा.

शकुंतला गाडेकर. समाजशास्त्र शिकवायच्या. माहेर फुलंब्रीकडचं, चांगल्या बागायतदाराचं. लग्न मोडलेलं होतं, पण त्याबद्दल विचारायची कुणाची छाती नव्हती. पुंडलिकनगरला दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. साडीवर कॅनव्हासचे बूट घालायच्या, कारण कुठल्या क्षणी कुणाच्या रानात जावं लागेल सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. स्कूटर चालवायच्या ती भांडत भांडत. एखादा रिक्षावाला आडवा आला की तोंडातून थेट दखनी निघायची, "आँखां हैं के बटनां?" आणि रिक्षावाला हसून बाजूला व्हायचा. मागच्या सीटवर मी जीव मुठीत धरून बसलेला असायचो.

मॅडम दोन ठिकाणी लिहायच्या. एक संशोधनाच्या जर्नलात, तळटीपा-बिपा लावून, आणि दुसरं स्वतःच्या ब्लॉगवर. ब्लॉगवर आईची भाकरी, गावातली भांडणं, एसटीत भेटलेली माणसं, असलं सगळं. विभागातले लोक पहिल्याला काम म्हणायचे आणि दुसऱ्याला चाळा. असं कुणी बोललं की मॅडमच्या कपाळाची शीर उडायला लागायची. त्यांच्या मते ती दोन कामं नव्हतीच.

माझं प्रकरण खाली का फेकलं तेही सांगतो. माझा विषय होता शेताच्या वाटांवरून होणाऱ्या मारामाऱ्या. आमच्या वैजापूर भागात बांधावरून, वाटेवरून डोकी फुटतात, त्यावर मी शंभरेक पानं लिहिली होती. त्यात एक वाक्य होतं, 'सदर तंट्यात एका वृद्धास मारहाण झाल्याचे निदर्शनास आले.' मॅडमनी ते मोठ्यानं वाचलं, फूटपट्टी उचलली आणि माझ्या बोटांपासून इंचभरावर टेबलावर अशी हाणली की शेजारच्या कपातला चहा बशीत आला.

म्हणाल्या, "कुणी मारलं? कशानं मारलं? ज्यानं मार खाल्ला त्यानं हे वाचलं, तर त्याला कळेल का की हा मार माझा आहे?"

मी म्हणालो की शास्त्रीय भाषा अशीच असते. झालं, त्यानंतरच खिडकीचा कार्यक्रम.

मग त्यांचा नियम कळला. ज्याच्याबद्दल लिहिलं, त्याला ते छापायच्या आधी वाचून दाखवायचं. त्याच्या दारात जाऊन, त्याच्या भाषेत, मोठ्यानं. तो म्हणेल काढ, तर काढायचं. तो म्हणेल चुकलंय, तर तिथंच दुरुस्त करायचं. शोधनिबंध असो की ब्लॉग, नियम एकच. मी कुरकुरत त्या म्हाताऱ्याकडं गेलो, ज्याच्या कवटीला वाटेच्या भांडणात खोक पडली होती. बाजेवर बसून त्यानं सगळं ऐकलं. एका जागी मी लिहिलं होतं की वृद्धानं पळण्याचा प्रयत्न केला. म्हाताऱ्यानं बाजेखालची काठी काढली आणि माझ्या पोटरीवर एक ठेवून दिली. मी पळालो नाय, म्हणाला, मी खाली बसलो होतो, माझ्या पायात ताकद नव्हती, पण मी पळालो नाय. पोटरीवर वळ घेऊन मी परत आलो. मॅडमनी वळ बघितला आणि मी त्यांच्याकडं आल्यापासून पहिल्यांदा माझ्यावर खूश झाल्या. आता झालं म्हणाल्या तुझं संशोधन सुरू.

त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, कुठं चुकलंय ते दाखव. विद्यार्थ्याला, प्राचार्यांना, भाजीवाल्याला, सगळ्यांना तेच. दाखवलं तर ऐकायच्याही, हे विशेष. एकदा ब्लॉगवर त्यांनी वैजापूरच्या मार्केट यार्डाबद्दल लिहिलं, त्यात कांद्याच्या गोण्या शिवायची पद्धत उलटी सांगितली. तिथल्या एका आडत्यानं लेखाखालच्या प्रतिक्रियांत येऊन त्यांची बिनपाण्यानं केली. मॅडम दुसऱ्या दिवशी एसटीनं वैजापूरला हजर. अर्धा दिवस हमालांशेजारी उभं राहून गोण्या शिवताना बघितल्या, परत येऊन लेख दुरुस्त केला आणि त्या आडत्याचे नाव घेऊन आभार मानले.

हीच गोष्ट त्यांनी पुढं एका परिसंवादात सांगितली आणि तिथं रक्त सांडलं. म्हणजे थोडंच. झालं असं की शहरातल्या एका कॉलेजात संशोधनाच्या दर्जावर चर्चा होती. अध्यक्ष एक निवृत्त प्राध्यापक, अंगावर शाल, समोर नारळ. ते म्हणाले की हल्ली काही भगिनी ब्लॉग वगैरे लिहितात, कौतुक करून घ्यायची हौस असते, पण विद्यापीठीय लेखनाशी त्याचा काय संबंध. मॅडम दुसऱ्या रांगेत होत्या. उठल्या, स्टेजवर गेल्या आणि अध्यक्षांसमोरचा माइक स्टँडसकट आपल्याकडं ओढला.

"संबंध मी सांगते," म्हणाल्या. "दोन्हीचं काम एकच आहे. जो तिथं नव्हता त्याला सांगायचं, मी हे पाहिलं, असं पाहिलं, आणि माझं चुकलं असेल तर ये आणि दाखव. तुमच्या निबंधावर आजवर एक तरी माणूस भांडायला आला का? माझ्याकडं आडत्या आला होता."

अध्यक्ष बसा बसा म्हणत माइक आपल्याकडं ओढायला लागले, मॅडम सोडेनात, आणि त्या ओढाओढीत तो लोखंडी स्टँड अध्यक्षांच्या पायावर पडला. अंगठ्याचं नख उलटलं. धोतराच्या काठाला लाल डाग पडला, पोरींनी पाणी आणलं, सभा तिथंच उरकली. मॅडमनी पायाबद्दल माफी मागितली, मुद्द्याबद्दल नाही. परत येताना स्कूटरवर स्वतःशीच गुरगुरत होत्या.

एक माणूस मात्र त्यांचं दोन्हीकडचं वाचायचा. त्यांचा मोठा भाऊ, अंकुशदादा. दहावीपर्यंत शिकलेला, शेती बघणारा, दांडगा माणूस. जर्नलचा अंक आला की मॅडम त्याला एक प्रत पाठवायच्या, आणि तो शब्दकोश घेऊन बसायचा. अडलं की फोन करायचा. ब्लॉगवरचं तर तो फुलंब्रीच्या झेरॉक्सच्या दुकानात छापून घ्यायचा आणि पोथी बांधावी तसं लाल फडक्यात बांधून ठेवायचा. विभागात बसून फोनवर त्याला एखाद्या शब्दाचा अर्थ सांगताना मॅडमचा आवाज खरोखर मृदू व्हायचा. तो वक्ता ते ऐकून बोलला असेल तर माझी हरकत नाही. फोन ठेवून त्या म्हणायच्या, बघ, माझा खरा वाचक.

आता मुख्य गोष्ट. मला ती तुकड्यातुकड्यानं कळली, पण तुम्हाला सरळ सांगतो.

त्यांच्या माहेरी दरवर्षी एक मेंढपाळ कुटुंब यायचं. रिकाम्या रानात मेंढरं मुक्कामाला बसवायची, रानाला खत मिळतं, त्याबदल्यात शेतकरी त्यांना धान्य देतो. पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार. सखाराम आणि त्याची बायको हिराबाई, सोबत आणखी दोन-तीन बिऱ्हाडं. एका वर्षी मॅडम दिवाळीच्या सुट्टीत गावी होत्या. मेंढरं दादाच्या रानात बसली होती, आणि पहाटे कळपातली काही शेजारच्या कोवळ्या हरभऱ्यात शिरली. हरभराही दादाचाच. मॅडम त्याच वेळी त्या लोकांसाठी चहाची किटली घेऊन बांधावरून येत होत्या.

दादानं सखारामाला कुऱ्हाडीच्या दांड्यानं मारलं. पहिला तोंडावर, जबडा मोडला. खाली पडल्यावर पाठीवर, बरगड्यांवर. दादाचे दोन गडी काठ्या घेऊन मेंढरांत घुसले. कोकरं पायाखाली आली. कळपाचा कुत्रा अंगावर धावला तर त्याचं डोकं दगडानं ठेचलं. बायका पोरांना पोटाशी धरून पालांच्या मागं बसल्या होत्या. अंधुक उजेड होता. मॅडम किटली धरून उभ्या राहिल्या. ज्या बाई अध्यक्षाच्या हातातून माइक ओढून घेतात, त्या तिथं बांधावर उभ्या राहिल्या आणि चहा हातावर सांडून पोळलं तरी त्यांच्या तोंडून शब्द निघाला नाही. भाऊ होता ना. बाकी कुणी असता तर त्यांनी त्याच किटलीनं डोकं फोडलं असतं, मला शंका नाही.

पोलिसात 'अज्ञात इसम' एवढीच नोंद झाली. सखाराम बोलू शकत नव्हता आणि बायका म्हणाल्या अंधार होता, दिसलं नाय. त्यांना परत त्याच वाटेनं जायचं होतं.

मॅडमनी यावर शोधनिबंध लिहिला. मेंढपाळ, शेतकरी आणि मोडत चाललेला व्यवहार. चांगला होता, मी वाचलाय. गावाचं नाव नाही, कुणाचंच नाव नाही. 'जमीनधारक कुटुंबातील एक पुरुष.' त्यात हिराबाईचं बोलणं होतं, तेही बिननावाचं. ती म्हणाली होती, 'मारनाराला मी वळखते, त्याच्या घरचं मीठ खाल्लंय, येळ आली की नाव सांगीन.' आणि ही बाई बोलत असताना कशी डाव्या हातानं चातीवर लोकर कातत होती, चाती एकदाही कशी थांबली नाही, असं एक वाक्य मॅडमनी घातलं होतं. त्या एका वाक्यानं निबंध जिवंत झाला होता. आम्ही सगळे तसं म्हणालो. नियमाप्रमाणं मॅडम पालावर गेल्या, निबंध वाचून दाखवला. हिराबाईनं ऐकलं, नाव नाय गाव नाय ना, एवढं विचारलं आणि व्हय म्हणाली.

काही महिन्यांनी मॅडमनी ब्लॉगवर एक लेख लिहिला. मारहाणीचा त्यात शब्द नाही. गावी येणारी हिराबाई, तिनं मला लोकर कातायला कसं शिकवलं, ती डावखुरी आणि मी उजवी, त्यामुळं समोर बसून शिकताना माझा धागा कसा दर वेळी तुटायचा, ती मला कशी हसायची. गोड लेख होता. तोही पालावर जाऊन वाचला. हिराबाई नाव ऐकून लाजली, सगळ्या बायकांना बोलावून परत वाचायला लावला.

दोन्ही लेख नियमानं गेले होते. एकेक वेगळं धरलं तर कुठंच काही चुकलेलं नव्हतं. दोन्ही शेजारी ठेवून वाचणारं कोण होतं?

पुढच्या हंगामात मेंढरं त्याच वाटेनं आली. एका दुपारी विभागात मॅडमना फोन आला. फोन कानाला तसाच ठेवून त्यांनी स्कूटरची किल्ली माझ्याकडं फेकली. त्यांनी किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यायची ती एकच वेळ. सरकारी दवाखान्यात हिराबाई खाटेवर होती. डावा हात कोपरापर्यंत पट्ट्यांत, पट्ट्यांतून रक्त पाझरत होतं, बोटं कुठली कुठं ते कळत नव्हतं. विहिरीवर पाण्याला गेली होती. दादा आणि त्याचा एक गडी. गड्यानं तिला धरलं, हात मोटारीच्या चौथऱ्यावर दाबला आणि दादानं कुऱ्हाडीच्या पाठीकडनं ठेचला. एकदा नाही.

मॅडम खाटेशी वाकल्या. हिराबाईचे ओठ सुकले होते, हळूहळू बोलत होती. तिच्या बोलण्यात राग नव्हता, ती नुसती विचारत होती.

"बाई, तो म्हनला, डाव्या हातानंच कातती ना तू? मंग तूच ती. माझं नाव त्याला कुनी सांगितलं?"

मॅडम खाली बसल्या. दवाखान्याच्या फरशीवर, तिथल्या ओलीत, साडीसकट. मी उठवायला गेलो तर माझा हात झटकला. मग एकाएकी त्यांनी भिंतीवर डोकं आपटलं. जोरात. नर्स धावत आली. मी त्यांना दोन्ही खांद्यांनी धरून ठेवलं आणि मला त्या क्षणी त्यांचा असा राग आला होता की सांगता सोय नाही. एवढी हुशार बाई, आमच्या एकेका शब्दाला फूटपट्टी घेऊन बसणारी, आणि स्वतःच्या दोन पानांत काय ठेवलंय ते हिला दिसू नये? आणि त्याच वेळी त्यांच्या कपाळावरचं रक्त मी माझ्या रुमालानं पुसत होतो.

तिथल्या बाकावर बसून त्यांनी मला सगळं सांगितलं. किटली, बांध, दादा. मग म्हणाल्या की चल. कुठं विचारायची गरज नव्हती. पोलीस ठाण्यात त्यांनी दोन्ही घटनांचा जबाब दिला, सख्ख्या भावाचं पूर्ण नाव सांगितलं, आणि लिहून घेणाऱ्या जमादारानं 'मारहाण झाली' असं लिहिलं तर त्याला थांबवलं. 'माझ्या भावानं मारलं, माझ्यासमोर मारलं,' असं लिहायला लावलं.

दादाला अटक झाली आणि पुढं जामीनही झाला. जामिनावर सुटल्यावर एका सकाळी तो पुंडलिकनगरला आला. मी माझं शेवटचं प्रकरण घेऊन बसलो होतो. तो दारातून आत आला, हातात लाल फडक्यातलं गाठोडं. ते त्यानं आमच्या मधोमध जमिनीवर आपटलं आणि मॅडमच्या थोबाडीत मारली. मी आडवा गेलो. दांडगा माणूस तो, त्यानं मला एका हातानं उचलून चपलांच्या रॅकवर फेकलं. मॅडम उठायच्या आत त्यानं दुसरी मारली, उलट्या हातानं, ओठ फाटला, एक दात हलला.

"शके, तुझं अक्षर न् अक्षर वाचलंय मी," तो म्हणाला. त्याला रडू येत होतं. "हिकडचं बी आन् तिकडचं बी. हाय का तुझ्या त्या विद्यापीठात एक तरी असा?"

मॅडम भिंतीला टेकून बसल्या होत्या. पदर ओठाला लावला होता.

"नाही," म्हणाल्या. "तूच एकटा. आता कुठं चुकलंय ते दाखव."

तो हात उचलून उभा राहिला. शेजारपाजारचे दारात जमले होते. मग त्यानं गाठोड्याला लाथ मारली, कागद खोलीभर पसरले, आणि तो गेला. मॅडमनी मला लागलं का विचारलं आणि गुडघ्यांवर रांगत कागद गोळा करायला लागल्या. प्रत्येक पानावर दादाच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या, अडलेल्या शब्दांखाली रेघ आणि समोर बारीक अक्षरात अर्थ. ते बघून मात्र त्या रडल्या. माझ्यासमोर पहिल्यांदा.

त्यानंतर बराच काळ त्यांनी काहीच छापलं नाही. विभागात फूटपट्टी दिसायची नाही. विद्यार्थी म्हणायला लागले की मॅडम सुधारल्या, आणि मला त्यांना धरून हाणावंसं वाटायचं. माहेरी त्यांना दार बंद झालं होतं. आईनं निरोप पाठवला की मला एकच लेकरू आहे. कोर्टात साक्ष कधी लागते याचीच त्या वाट बघत होत्या. साक्ष टिकली नाही तर हिराबाईचा हात फुकट गेला, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं, आणि ते त्या उठताबसता बोलून दाखवायच्या.

साक्ष लागली. दादा समोरच्या बाकावर, पांढरा सदरा, मान खाली. मागच्या बाकावर हिराबाई आणि सखाराम. दादाचा वकील तरबेज होता. त्यानं दोन्ही लेख हातात धरले आणि म्हणाला की बाई, ह्या निबंधात मारहाण आहे पण नाव नाही, गाव नाही. ह्या ब्लॉगमध्ये नाव आहे, गाव आहे, पण मारहाणच नाही. म्हणजे एक बनावट आणि दुसरी करमणूक. यातलं खरं कुठलं समजायचं कोर्टानं?

मला वाटलं आता माइक ओढायचा प्रसंग येणार. पण मॅडमनी आवाज चढवला नाही.

"दोन्ही खरं आहे," म्हणाल्या. "मी अर्धं इकडं लिहिलं, अर्धं तिकडं. आणि जे माझ्या अंगाशी येणार होतं ते दोन्हीकडं गाळलं. माझा भाऊ मारत होता आणि मी हातात किटली घेऊन उभी होते. हे मी कुठंच लिहिलं नाही. ते आज इथं सांगतेय."

वकिलानं आणखी बरंच विचारलं. मॅडम हलल्या नाहीत. दादानं एकदाच मान वर केली, बहिणीकडं बघितलं आणि परत खाली घातली. साक्ष पूर्ण झाली, उलटतपासणीसकट नोंदली गेली. निकाल अजून यायचाय. मॅडम त्याआधीच गेल्या, स्टाफरूममध्ये खुर्चीतून उठताना मेंदूत रक्तस्राव झाला. पण नोंदलेली साक्ष माणसाबरोबर जात नाही, असं सरकारी वकील मला सांगतात, आणि मी त्यावर भिस्त ठेवून आहे.

त्या साक्षीच्या दिवसाचंच शेवटचं चित्र माझ्याकडं आहे. कोर्टाच्या आवारात, झेरॉक्सच्या टपऱ्यांमागं, एका ओट्यावर मॅडम आणि हिराबाई बसल्या होत्या. मी चहा घेऊन आलो. मॅडमनी नवा लेख लिहिला होता. एकच मजकूर, जर्नललाही तोच पाठवणार होत्या आणि ब्लॉगवरही तोच. जर्नलनं पुढं तो परत पाठवला, निबंधाच्या चौकटीत बसत नाही म्हणून, तो भाग वेगळा. नियमाप्रमाणं त्या फोनच्या पडद्यावरून हिराबाईला वाचून दाखवत होत्या. स्वतःचं नाव, दादाचं नाव, गावाचं नाव, किटली, चौथरा, कुऱ्हाड. सगळं होतं. आणि 'एक बाई' असं होतं.

हिराबाईनं थांबवलं.

"ही एक बाई कोन?"

मॅडमनी फोन खाली घेतला. म्हणाल्या की तू पहिल्यांदा म्हणाली होतीस ना, नाव नको. माझ्या लिहिण्यानं तुझा हात गेला, हिरे. आता मी तुझं नाव कुठंच घालणार नाही.

"हात गेला," हिराबाई म्हणाली. "आता नाव कशाला झाकायचं? तुझं हाय, त्याचं हाय, माझंच नाय व्हय? घाल. नवऱ्याचं नाव, आडनाव, समदं घाल."

मॅडमनी एका बोटानं टाइप केलं. दोनदा खोडावं लागलं. हिराबाई वाकून बघत होती. तिला वाचता येत नव्हतं. कुठं हाय, तिनं विचारलं. मॅडमनी फोन तिच्यापुढं धरला आणि इथं म्हणून दाखवलं. हिराबाईनं डावा हात पदराखालून काढला. बोटं एकमेकांवर चढून कशीही जुळलेली होती. त्यातलं एक बोट तिनं आपल्या नावावर टेकवलं, आणि पडद्यावरची ओळ सरकून वर निघून गेली.

"गेलं की गं," ती घाबरून म्हणाली.

"जात नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांनी ओळ परत खाली आणली आणि तिचं ते बोट आपल्या हातात धरून पुन्हा तिथं ठेवलं. ह्या वेळी दोघींनी हात हलवला नाही. मी चहाचे कप घेऊन तसाच उभा राहिलो, चहा निवून गेला.